गाडीचं नाव नको, माप सांगा

मे महिन्याच्या सुट्टीत नातवाच्या रिमोटच्या गाडीखालून पांढरी पूड पडायला लागली. गच्चीवर फिरवायला घेऊन दहा मिनिटं झाली असतील नसतील, गाडी कर्रकर्र करून थांबली. मोटर जोरात घुमतेय आणि चाकं ढिम्म. उलटी करून झाकण काढलं, तर आत खोबऱ्याचा कीस सांडावा तशी नायलॉनची भुकटी. मोठ्या गिअरचे, ज्याला स्पर म्हणतात त्याचे, दात अर्धेअधिक झिजलेले. त्याला भिडलेलं मोटरवरचं छोटं पोलादी गिअर, म्हणजे पिनियन, मात्र चकचकीत. असणारच, तीन दिवसांपूर्वी कुरिअरने आलेलं होतं.

पाकिटावर लिहिलं होतं: ‘मेटल मोटर गिअर, १७ टी, १/१० आरसी कारसाठी, हाय क्वालिटी’. बस्स, एवढंच.

आता लाजेची गोष्ट सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूममध्ये माझी चौतीस वर्षं गेली. गिअर हातात आला की आधी व्हर्नियर लावायचा आणि मग तोंड उघडायचं, ही तिथली शिस्त. नवख्या पोरांना मी ती शिकवली. आणि स्वतःच्या घरी? दात मोजले, सतरा भरले, शाफ्टवर बसतंय बघितलं, ग्रब स्क्रू आवळला आणि पोराच्या हातात गाडी दिली. पाकिटावर ‘१/१०’ लिहिलंय, आपली गाडीही १/१०, मग बसणारच की! लोक कसे फसतात ते मला त्या दिवशी कळलं.

मग व्हर्नियर काढला. आलेल्या पिनियनचा बाहेरचा व्यास ११.४ मि.मी. जुन्या, झिजलेल्या पिनियनचा १० मि.मी.च्या आसपास. दोन्हीचे दात सतराच. हिशेब सोपा आहे. मेट्रिक गिअरचा बाहेरचा व्यास म्हणजे मॉड्यूल गुणिले दातांची संख्या अधिक दोन. १९ गुणिले ०.६ म्हणजे ११.४. म्हणजे आलेला माल ०.६ मॉड्यूलचा. आमची गाडी होती ४८ डीपीची, म्हणजे डायमेट्रल पिचची, इंचाच्या हिशेबातली. तिथे १९ भागिले ४८ इंच, म्हणजे १०.०५ मि.मी. दातापासून दातापर्यंतचं अंतर एकाचं १.८८ आणि दुसऱ्याचं १.६६. दर दातामागे ०.२२ मि.मी.ची चूक. मोटर पुढेमागे सरकवायला खाच असते, म्हणून दोन्ही गिअर एकमेकांना भिडतात, फिरतातही, आणि आपल्याला वाटतं जमलं. पोलाद आणि नायलॉन यांच्या भांडणात कोण हरणार हे सांगायला टूलरूममध्ये चौतीस वर्षं घालवायची गरज नाही.

तर आवाहन एवढंच आहे, आणि ते हा नाद लागलेल्या पोरांना, त्यांच्या आईबापांना, आणि माझ्यासारख्या रिकाम्या आजोबांनाही आहे: रिमोट गाडीचा सुटा भाग गाडीच्या नावावर किंवा ‘१/१०’ बघून मागवू नका. मापावर मागवा. आणि विकणाऱ्याने माप दिलेलं नसेल, तर ते विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

‘१/१०’ हे माप नाहीच. ते प्रमाण आहे. खरी गाडी जेवढी, तिच्या दहाव्या हिश्श्याची ही, एवढंच त्यातून कळतं. आता दहावा हिस्सा कशाचा? रस्त्यावरच्या कारचा घेतला तर टूरिंग गाडीची पुढच्या आणि मागच्या चाकांतली लांबी साधारण २५७ मि.मी. येते. ट्रॅक्सस कंपनीची स्लॅश घ्या, तीही १/१० म्हणूनच विकली जाते, तिची तीच लांबी ३३५ मि.मी. आहे. दोघींना एकच ॲक्सल कसा बसेल? तुम्ही चपलेच्या दुकानात जाऊन ‘पुरुषाची चप्पल द्या’ म्हणालात, तर दुकानदार नंबर विचारतो की नाही? इथे विचारत नाही, सरळ बांधून देतो.

आणि ‘युनिव्हर्सल’ हा शब्द दिसला की दोन पावलं मागे सरका. माझ्या अनुभवात युनिव्हर्सल म्हणजे कुणाचाच नसलेला.

गिअरचं प्रकरण जरा नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. या गाड्यांत मॉड्यूलवाले आणि डीपीवाले असे दोन्ही वंश नांदतात. तामिया कंपनीच्या टीटी-०२ सारख्या चासिसवर ०.६ मॉड्यूल, कित्येक अमेरिकी वळणाच्या गाड्यांवर ४८ किंवा ३२ डीपी, रेसवाल्यांच्या बारीक कामात ६४ डीपी, मोठ्या १/८ गाड्यांवर १ मॉड्यूल. यातली एक जोडी मात्र चालून जाते. ३२ डीपी म्हणजे हिशेबाने ०.७९ मॉड्यूल, त्यामुळे ३२ डीपी आणि ०.८ मॉड्यूल एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात. सतरा दातांना एकाचा व्यास १५.०८ आणि दुसऱ्याचा १५.२. पण याच न्यायाने ४८ डीपी आणि ०.५ मॉड्यूल जुळेल असं समजू नका, तिथे ९.५ आणि १०.०५ असा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. खेरीज मोटरच्या शाफ्टचा व्यास वेगळा विचारायचा. ५४० मोटरला बहुधा ३.१७ मि.मी., म्हणजे इंचाचा आठवा भाग. छोट्या मोटरींना २ किंवा २.३, मोठ्या ब्रशलेसना ५. तेव्हा पिनियन मागवताना आकडे तीन लागतात: दात, मॉड्यूल किंवा डीपी, आणि भोक. विकणारे त्यातला पहिला तेवढा देतात, कारण तो फोटोत मोजता येतो!

व्हर्नियर नाही? हरकत नाही, पण घ्या एक. साधा प्लास्टिकचाही चालेल, नातवाला वाढदिवसाला चॉकलेटच्या डब्याऐवजी तो द्या. आमच्या पोराला तो इतका आवडला की दोन दिवस घरातल्या चकल्यांचे व्यास मोजत बसला होता.

जिथे खरंखुरं प्रमाण ठरलेलं आहे तिथे काय होतं, ते बेअरिंगवरून बघा. त्याच गाडीच्या मागच्या चाकाचं बेअरिंग खडखडत होतं. ऑनलाइन शोधलं तर ‘अमुक गाडीसाठी बेअरिंग किट, अपग्रेड’ म्हणून चारशे-पाचशेला. मी बेअरिंग काढलं, पुसलं, मोजलं: आतला व्यास ५, बाहेरचा १०, जाडी ४. उद्यमनगरातल्या बेअरिंगच्या दुकानात गेलो. गाडी कुठली, कुणाची, असलं काही दुकानदाराने विचारलं नाही. मी म्हटलं, एमआर १०५. तो म्हणाला, पत्र्याचं की रबराचं? म्हणजे झेडझेड की टूआरएस. धूळमातीत फिरवायची असल्याने मी रबराचं घेतलं. दोन मिनिटांत काम झालं. ५-११-४ असेल तर एमआर ११५, १०-१५-४ असेल तर ६७००. हे आकडे जपानमध्ये, जर्मनीत आणि कोल्हापुरात सारखेच. ज्या बेअरिंगची किट गाडीच्या नावाने महाग मिळते, तेच बेअरिंग नंबराने मागितलं की स्वस्त मिळतं, हा साधा धडा मला खेळण्यातून मिळाला. सायकलवाल्यांना तो कधीचाच ठाऊक आहे.

पिनियनने स्पर खाल्ला तर दोन-तीनशे रुपये जातात. प्लग चुकला तर धूर निघतो. म्हणून याबद्दल जरा कडक बोलतो.

खेळण्यातल्या गाड्यांच्या बॅटरीवर ‘जेएसटी कनेक्टर’ असं लिहिलेलं असतं. जेएसटी हे कनेक्टरचं नावच नव्हे, ते जपानमधल्या कंपनीचं नाव. ती कंपनी शेकडो प्रकारचे कनेक्टर बनवते. लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरीच्या बॅलन्सच्या वायरीला पांढरा एक्सएच असतो, त्याच्या पिनांतलं अंतर अडीच मि.मी. त्याहून बारीक पीएच, त्याचं दोन. लाल रंगाचा दोन पिनांचा वेगळाच. तेव्हा ‘जेएसटी’ म्हणणं म्हणजे पत्त्यावर नुसतं ‘पाटील, कोल्हापूर’ लिहिण्यासारखं आहे. पोस्टमन काय करणार?

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे, प्लग अगदी बरोबर बसतो आणि आतल्या वायरी उलट असतात. आमच्या शेजारच्या मुलाच्या गाडीत हेच झालं. जादा बॅटरी मागवली, प्लग हुबेहूब, टक्‌ करून बसला. पण मूळ बॅटरीच्या प्लगमध्ये खाच वर धरली तर लाल वायर डावीकडे होती आणि नव्यात उजवीकडे. स्विच दाबल्याबरोबर स्पीड कंट्रोलरमधून निळसर धुराची रेघ निघाली आणि जळक्या बेकलाइटसारखा वास. त्या मुलाच्या आईने स्वयंपाकघरातून ‘काय करपलं रे?’ म्हणून विचारलं. करपलं होतं दीड हजार रुपयांचं सर्किट. विक्रेत्याने उत्तर दिलं, प्लग तर सारखाच आहे ना.

म्हणून नवी बॅटरी आली की ती गाडीला लावायच्या आधी जुनीच्या शेजारी ठेवा. दोन्ही प्लगांच्या खाचा एका बाजूला करा. लालसमोर लाल, काळ्यासमोर काळी आहे का बघा. मग साध्या मल्टिमीटरने व्होल्ट आणि चिन्ह बघा. आकड्याआधी वजाची खूण आली तर मीटरच्या सळया उलट्या लावल्यात किंवा वायरी उलट्या आहेत, दोन्ही तपासा. वायरीच्या रंगावर आंधळा भरवसा ठेवू नका, लाल वायर ऋण बाजूला जोडलेली बॅटरीही मी पाहिली आहे.

आकड्यांच्या फुशारक्या तर विचारू नका. एका छोट्या बॅटरीवर लिहिलंय १५०० एमएएच, ५० सी. सी म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट ती देऊ शकते. दीड गुणिले ५० म्हणजे ७५ अँपिअर! आणि तिला वायर कसली, तर मोबाइलच्या चार्जरला असते तसली बारीक. ७५ अँपिअर खरोखर गेले तर ती वायर उदबत्तीसारखी जळेल. दोन बॅटऱ्यांवर सारखेच एमएएच लिहिलेत आणि एकीचं वजन दुसरीच्या निम्मं आहे, तर एक जण थाप मारतोय. स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे उपयोगी पडतो. फुगलेली लिपो मात्र कुठल्याही हिशेबात वापरू नका, आणि घरात कुणी नसताना चार्जिंगला लावून जाऊ नका.

स्टिअरिंगचा सर्व्हो बदलताना त्याच्या टोकावरच्या बारीक दात्यांकडे बघा. फुताबा वळणाचे २५, हायटेकचे पूर्वापार २४, जेआर आणि सान्वाचे २३. पंचवीसच्या टोकावर चोवीसचा हॉर्न, म्हणजे टोकावर बसणारा दांडा, दाबून बसवला की तो बसतोसुद्धा, आणि पहिल्याच दगडाला धडकून सरकतो. मोजायची युक्ती अशी की एका दातावर मार्करने ठिपका द्यायचा आणि सुईच्या टोकाने मोजत फिरायचं. माझ्या डोळ्यांना आता जमत नाही, ते काम नातवाकडे.

जपानी किटांतले अधिक खुणेचे स्क्रू आपल्या नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरने खोलू नका, त्यांची खोबण जेआयएस धाटणीची असते, आपला फिलिप्स त्यात घसरतो आणि डोकं गोल होतं. जुन्या जपानी मोटारसायकली उघडलेल्या मिस्त्रीला विचारा, तो शिवी देऊन सांगेल.

शॉक ॲब्सॉर्बरचं १०० मि.मी. म्हणजे भोकापासून भोकापर्यंत की टोकापासून टोकापर्यंत, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं. ड्राइव्ह शाफ्टचंही तेच. चाकाच्या षटकोनाचं माप दोन समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं, बहुतेक १/१० ला १२ आणि १/८ ला १७ मि.मी. मोटरवर ३६५० असं लिहिलं असेल तर व्यास ३६, लांबी ५०. हा आकडा मला फार आवडतो, कारण कुणीतरी शहाण्या माणसाने नावातच माप घालून ठेवलंय.

रिसीव्हरचं विचाराल तर तिथे माप कामाचं नाही. दोन्हीवर २.४ गिगाहर्ट्झ लिहिलं म्हणून एका कंपनीचा रिमोट दुसरीच्या रिसीव्हरशी बोलेलच असं नाही, प्रत्येकाची भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, आपापली. रिमोटवर जी भाषा लिहिली असेल, तीच रिसीव्हरवर लिहिलेली बघून घ्या.

आता कुणी म्हणेल, आजोबा, सरकारने प्रमाण ठरवायला नको का? खेळण्यांसाठी सरकारने ठरवलेलं आहे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. आयएस ९८७३, आणि विजेवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४. चांगलंच आहे, मार्क बघूनच खेळणं घ्या. पण तो मार्क पोराच्या जिवाची काळजी घेतो, पिनियनच्या दातांची नाही. एका गाडीचा भाग दुसरीला बसावा, हे त्यात कुठे नाही, आणि असायचं कारणही नाही.

ते काम नाद असणारे लोक स्वतः करतात, आणि केलेलं आहे. अमेरिकेत खेळण्यातल्या आगगाड्यांचा नाद असणाऱ्यांनी १९३५ साली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन काढली. कारण तेच, एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चालेना. त्यांनी रुळांतलं अंतर, चाकाची कड, सगळं ठरवून कागदावर आणलं. रिमोट गाड्यांतही जिथे रेस आहे, तिथे नियम आहेत. शर्यतींच्या संघटनांनी बॅटरीच्या कवचाची मापं ठरवली, साधारण १३९ बाय ४७ बाय २५ मि.मी., म्हणून त्या मापाची बॅटरी कुठल्याही ब्रँडची घ्या, रेसच्या गाडीच्या खाचेत बसते. जिथे शर्यत नाही, नुसता बाजार आहे, तिथे अंदाधुंदी. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचं एकच प्रमाण मांडलं, त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा होता. रिमोट गाड्या अजून १८४० सालात आहेत म्हणायचं.

आणि नीट लिहिणं जमत नाही असं नाही. तामियाच्या माहितीपत्रकात प्रत्येक स्क्रूचं चित्र खऱ्या मापात छापलेलं असतं, स्क्रू कागदावर ठेवून ताडून बघायचा. प्लास्टिकच्या प्रत्येक साच्याला अक्षर, प्रत्येक भागाला आकडा. त्यांची पहिली रिमोट गाडी, पोर्शे ९३४, १९७६ साली आली. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी शिझुओकात ज्यांना हे सुचलं, ते आज मोबाइलवर दुकान थाटणाऱ्यांना न सुचायचं कारण एकच: आपण विचारत नाही.

म्हणून विचारा. उत्पादनाखाली प्रश्न विचारायची जागा असते, तिथे ‘चांगलं आहे का?’ असलं लिहू नका. लिहा, ‘मॉड्यूल किती? भोक किती? बाहेरचा व्यास किती?’ उत्तर ‘यस सर, फिट होईल’ असं आलं तर दुसरं दुकान बघा. आणि वस्तू आल्यावर अभिप्राय लिहायचाच असेल तर पाच तारे आणि ‘फास्ट डिलिव्हरी’ यात कुणाचं भलं नाही. पिनियन मोजा आणि लिहा: व्यास १०.०५, भोक ३.१७, अमुक गाडीला बसलं किंवा बसलं नाही. फोटो टाकाल तर भागाशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मि.मी. आहे, बघणाऱ्याला अंदाज येतो. तुमचे ते चार आकडे सांगली-साताऱ्याच्या कुठल्या पोराचे तीनशे रुपये वाचवतील. तुमचा कोण चुलत भाऊ असेल पुण्याला, लंडनला, त्याचेही.

दुकानदारांनाही हात जोडून सांगणं आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असा की पुण्याच्या बोळात, माल पाकिटात भरताना चिकटपट्टीवर पेनाने तीन आकडे लिहा. परत येणारा माल कमी होईल, आणि काउंटरवर माझ्यासारखा म्हातारा व्हर्नियर घेऊन भांडायला येणार नाही.

चुकीचं आलंच तर गप्प बसू नका. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक नियम सांगतात की वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिनाभरात द्यायचा असतो. तरी ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. पण एक ध्यानात ठेवा: वर्णनात मापच दिलेलं नव्हतं, तर चुकलं काय हे सिद्ध कसं करणार? मागवण्याआधी प्रश्न लिहून विचारायचा तो यासाठीही. ‘४८ डीपी आहे का?’ ‘हो.’ याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्या पिनियनच्या वेळी माझ्याकडे तो नव्हता, म्हणून माझे पैसे गेले ते गेलेच. पाकीट फोडतानाचा व्हिडिओही घ्या, पोरांना तेवढंच निमित्त मिळतं.

आमच्याकडे आता शाळेची एक दोनशे पानी वही आहे. गाडी उघडली त्या दिवशी नातवाने तिच्यात एकेक भाग मोजून लिहिला. स्परचे दात, डीपी, बेअरिंगं किती आणि कुठल्या मापाची, स्क्रू एम३ किती आणि एम२.५ किती, सर्व्होचे दाते, बॅटरीच्या खाचेची लांबी-रुंदी, प्लगचं चित्र लाल-काळ्या पेनाने. अक्षर बदकाच्या पायासारखं आहे, पण आकडे बरोबर आहेत, मी पडताळले. मागच्या ॲक्सलची लांबी तेवढी राहिलीय. त्याच्या शेवटचा नट गंजलाय, त्यावर तेल सोडून ठेवलंय, रविवारी उघडू.